नाटकात काम करायचंय, तर आधी बॅकस्टेज करावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: वय चौतीस, नोकरी बँकेत, बदली होऊन नव्या शहरात आलात. शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही. तिथल्या एका हौशी नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकासाठी निवड चाचणी ठेवली आहे आणि त्याच पत्रकात ‘पडद्यामागे काम करू इच्छिणाऱ्यांचंही स्वागत’ असं म्हटलं आहे. आधी वर्षभर बॅकस्टेज करून ओळख वाढवावी, की सरळ चाचणीलाच जावं? तिथे काय करून दाखवायचं? बोलण्यात खानदेशी हेल आहे, तो आड येईल का? आणि नोकरी सांभाळून हे सगळं जमतं का?

चाचणीलाच जा. फॉर्मवर बॅकस्टेजच्या रकान्यातही खूण करा, पण ते काम करायची खरोखर इच्छा असेल तरच. मी हौशी रंगभूमीवर प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळण्यापासून सुरुवात केली, पुढे रंगमंच व्यवस्था बघितली, आता बरीच वर्षं दिग्दर्शन करते आहे आणि निवड चाचणीच्या टेबलामागे बसते. त्यावरून लिहिते आहे.

‘आधी दोन वर्षं लेव्हल (रंगमंचावर मांडायचे चौथरे) उचला, मग बघू’ हा रिवाज अनेक संस्थांमध्ये आहे आणि मला तो मुळीच मान्य नाही. ज्याचा सगळा जीव भूमिकेत अडकलाय तो लाइटच्या बोर्डावर बसून नटांकडे बघत राहतो आणि क्यू, म्हणजे प्रकाश बदलायचा नेमका क्षण, चुकवतो. शिवाय दोन वर्षं राबल्यावर त्याला भूमिका देणं ही संस्थेला परतफेड वाटायला लागते, मग तो त्या भूमिकेला शोभतो का हे कुणी विचारत नाही. नाटकाचं नुकसान होतं, त्या माणसाचंही होतं. बॅकस्टेज हे स्वतंत्र काम आहे. त्यात उभा जन्म घालवलेली आणि त्याचा अभिमान बाळगणारी माणसं प्रत्येक जुन्या संस्थेत आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगळी पारितोषिकं असतात ती उगीच नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘मला अभिनय करायचा आहे. या नाटकात जागा नसेल तर पडद्यामागचं अमुक काम आवडीने करीन.’ असं सांगितलं म्हणून कुणाचं मत वाईट होत नाही. उलट पुढच्या नाटकाच्या वेळी तुमचं नाव आठवतं.

नोकरीचं म्हणाल तर हौशी रंगभूमी नोकरदारांच्याच जिवावर उभी आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. भालबा केळकरांच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या पुण्याच्या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं हौशी नट म्हणून काम करून ते 1969 मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आजही कुठल्याही तालमीत शिक्षक, एसटीतले, महावितरणातले, दुकान बंद करून आलेले लोक भेटतील. म्हणूनच तालमी संध्याकाळी साडेसात-आठला सुरू होऊन साडेदहा-अकरापर्यंत चालतात. कधी शाळेच्या वर्गात, कधी वाचनालयाच्या हॉलमध्ये.

तुमच्या बाबतीत खरी अडचण रोजच्या वेळेपेक्षा तारखांची आहे. राज्य नाट्य स्पर्धा शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं. आधी वेगवेगळ्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, त्यातून निवडलेल्या नाटकांची अंतिम फेरी. प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीनंतर येते, त्यामुळे गणपती उठले की तालमी जोर धरतात. बँकेतली सप्टेंबरअखेरची सहामाही नेमकी त्यातच सापडते. नाटक अंतिम फेरीत गेलं तर प्रयोग मार्चच्या क्लोजिंगजवळ येऊ शकतो. हे सगळं आत्ताच कॅलेंडर समोर घेऊन लिहून काढा आणि फॉर्मवर मांडा. ‘मी कायम येईन’ म्हणणारीपेक्षा ‘सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला आठच्या आत निघता येणार नाही’ असं लिहिणारी बाई मला जास्त भरवशाची वाटते. सहा जणांचं दृश्य पाच जणांत बसत नाही. एक गैरहजर असला की बाकी पाच जणांची संध्याकाळ फुकट जाते.

आता चाचणी. नवखी माणसं सगळ्यात जास्त फसतात ती स्वगत निवडताना. एखाद्या थोर नटाने गाजवलेलं स्वगत घेतात आणि मग त्याचेच पॉज, त्याचीच मान, त्याचाच खर्ज. त्यात तुम्ही कुठेच दिसत नाही. दुसरा मोह म्हणजे वेड लागणं, धाय मोकलून रडणं, दारू पिऊन बरळणं. एवढी उंची दीड मिनिटात गाठता येत नाही आणि बघणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही. तुमच्या वयाच्या आसपासच्या बाईचं, साध्या भाषेतलं आणि जिला समोरच्या माणसाकडून काहीतरी हवं आहे असं स्वगत निवडा. पैसे परत मागणारी, माफी मागणारी, घर सोडून निघालेल्या मुलाला थांबवणारी. काहीतरी हवं असलं की आवाज, डोळे, हात आपोआप कामाला लागतात. ज्याच्याशी बोलताय तो माणूस आमच्या डोक्याच्या जरा वर किंवा बाजूला उभा आहे असं धरा. थेट आमच्या डोळ्यांत रोखून बोललात तर आम्ही अवघडतो, वहीत लिहायचं राहून जातं.

पाठ करूनच जा. मधे विसरलात तर ‘सॉरी, पहिल्यापासून घेते’ म्हणू नका. श्वास घ्या, जिथे आहात तिथून पुढे चला. प्रयोगात हेच करावं लागतं, आणि चाचणीत ते करणारी व्यक्ती दिसली की आम्ही तिचं नाव अधोरेखित करतो.

स्वगतानंतर बहुधा संहितेतलं एखादं पान हातात देतात. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा पानावर असं आहे (हे संवाद मी इथल्यापुरते रचले आहेत):

आई: आलीस?
मुलगी: हं. तो येऊन गेला?
आई: भाजी झाकून ठेवलीय.
मुलगी: आई, तो येऊन गेला का?
आई: पोळ्या गरम करून घे.

तुम्हाला आई वाचायला दिली. बहुतेक जण ‘भाजी झाकून ठेवलीय’ हे भाजीची माहिती दिल्यासारखं वाचतात. नाहीतर काहीतरी दडलेलं आहे हे दाखवायला आवाज खाली नेतात आणि शब्द ताणतात. दोन्ही वाचनांत मुलगी काय म्हणाली ते ऐकलेलंच नसतं. आईने प्रश्न ऐकलाय, उत्तर द्यायचं नाहीये, म्हणून हाताशी असलेली पहिली गोष्ट ती पुढे करते. वाक्य साधंच येईल, कदाचित जरा घाईने. पण मुलीने ‘आई’ अशी हाक घालून थांबवल्यावर पोळ्यांच्या वाक्याला तीच घाई चालत नाही, कारण आपण टाळतोय हे मुलीला कळलंय, हे आता आईलाही कळलंय. एवढा फरक दिसला तरी पुरे. त्याला कमावलेला आवाज लागत नाही. आपली ओळ येईपर्यंत कागदात डोकं न घालता समोरच्याकडे बघावं लागतं. अंगठा आपल्या ओळीवर ठेवा, ओळ एका नजरेत उचला, मान वर करा आणि मग बोला. घरी वर्तमानपत्र हातात धरून आठवडाभर हा सराव केलात तरी फरक पडतो.

मग दिग्दर्शक म्हणतो, ‘छान. आता असं वाचा, की तो येऊन गेला याचा आईला आनंद झालाय, पण मुलीला ते कळू द्यायचं नाहीये.’ माझ्या लेखी खरी परीक्षा इथे सुरू होते. पहिलं वाचन कसं झालं ते मी फारसं मोजत नाही. त्यात भीती असते, घसा सुकलेला असतो. सूचना मिळाल्यावर काही बदलतं का ते बघते. बरेच जण मान डोलावतात आणि पहिल्यासारखंच वाचतात. फसलं तरी चालेल, पण ठरवून वेगळं वाचा, कारण पुढचे दोन-तीन महिने आपण रोज हेच करणार असतो. सूचना नीट कळली नसेल तर खुशाल विचारा. ‘म्हणजे आईला तो मुलगा पसंत आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारणारी व्यक्ती संहितेच्या आत शिरलेली असते.

आवाजाबद्दल एकच. मराठीत क्रियापद आणि ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतात, आणि नवख्यांचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी त्याला भेटले नाही’ मधला ‘नाही’ गिळला की शेवटच्या रांगेला उलटा अर्थ पोचतो. नाट्यगृहात माइक असले तरी गिळलेलं अक्षर माइक परत आणत नाही. स्वगताची तालीम करताना प्रत्येक वाक्याचा शेवट समोरच्या भिंतीपर्यंत पोचतोय का ते कुणालातरी ऐकायला बसवून तपासा.

हेल लपवू नका. लपवायला गेलात की निम्मं लक्ष त्यातच जातं आणि वाक्य मेल्यासारखं येतं. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर नेली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. स्पर्धेतही वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी बोलीतली नाटकं होतात. फॉर्मवर भाषांच्या रकान्यात अहिराणी येत असेल तर ती जरूर लिहा. मात्र स्पष्ट उच्चार ही वेगळी गोष्ट आहे. भूमिकेला प्रमाण मराठी हवी असेल तर ‘ळ’ आणि ‘ण’ हुकमी यायला हवेत, आणि ते सरावाने येतात.

निवड झाली नाही तर? होऊ शकतं, आणि त्याचं कारण तुमचा अभिनय असेलच असं नाही. एखादीला मोठी बहीण करायचं तर धाकटीची निवड आधी झालेली असते, आणि त्या दोघी शेजारी उभ्या राहिल्यावर बहिणी वाटल्या पाहिजेत. उंची, वय, आवाजांची जात, जोडी, सगळं बघून पात्रयोजना होते. कित्येकदा चांगलं वाचणाऱ्या व्यक्तीला मी नाही म्हटलं आहे, कारण त्या संहितेत तिच्या वयाची बाईच नव्हती.

समूहात काम दिलं तर नाक मुरडू नका. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पीडीएच्या हौशी कलाकारांनी 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात केला. त्या नाटकाचा कणा म्हणजे ओळीने उभा राहिलेला, गाणारा-नाचणारा माणसांचा पडदा. त्या ओळीतला एक जण अर्धा ताल चुकला तरी सगळा पडदा फाटतो. रंगमंचावर सावध उभं कसं राहायचं, दुसऱ्याचं वाक्य चालू असताना लक्ष कुठे ठेवायचं, हे समूहात जितकं शिकता येतं तितकं दोन पानांच्या भूमिकेत येत नाही.

अभिनयाकडे डोळा असेल तर पडद्यामागच्या कामांत मी प्रॉम्प्टिंग मागायला सांगेन. संहिता घेऊन रोज तालमीला बसायचं, नट अडला तर शब्द द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण नट अडलाय की त्याने पॉज घेतलाय, हे तुम्हाला त्याच्या पाठीवरून ओळखता आलं पाहिजे. पॉजमध्ये शब्द फेकलात तर त्याचा क्षण मेला. अडल्यावर दोन सेकंद उशीर केलात तर तो उघडा पडला. म्हणून प्रॉम्प्टर आपल्या संहितेत पेन्सिलने प्रत्येक पॉजची खूण करतो आणि तालीम पुढे जाईल तशी ती बदलतो. अडलेल्याला अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले एक-दोन शब्द द्यायचे. महिनाभरात अख्खं नाटक तुमच्या अंगात भिनतं. ऐन वेळी कुणी आजारी पडलं तर दिग्दर्शक आधी प्रॉम्प्टरकडे वळतो, हा बोनस समजा. त्याची वाट बघत बसू नका.

दुसरं शिकण्यासारखं काम प्रॉपर्टीचं. दोन्ही विंगांत (रंगमंचाच्या बाजूंना, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागांत) एकेक टेबल, त्यावर कोरा कागद अंथरलेला, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा मार्करने काढलेली आणि आत लिहिलेलं: ‘चष्मा, अंक 1, प्रवेश 2, आजोबा’. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती लांबूनच दिसते, यादी वाचावी लागत नाही. पहिल्या घंटेआधी सगळी टेबलं एकदा हाताने तपासायची, मध्यंतरात पुन्हा. नट वस्तू घेऊन उजवीकडून गेला आणि डावीकडून बाहेर आला तर ती परत कुठे न्यायची हे आधीच ठरलेलं हवं. पाकिटात पत्र असेल तर आत खरा मजकूर लिहिलेला कागद ठेवा. कोरा कागद वाचणाऱ्या नटाचे डोळे ओळींवरून फिरत नाहीत आणि पहिल्या पाच रांगांना ते दिसतं. कपबशीत चहा दिसायचा असेल तर चहाच घाला, रिकामा कप तोंडाला लावताना मनगट खोटं बोलतं.

प्रयोगाच्या दिवशी काळे कपडे, पायात बंद आणि आवाज न करणारी चप्पल-बूट, हातात बांगड्या नाहीत, मोबाइल बंद. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे दोन प्रवेशांमधल्या अंधारात, खुर्ची कुठे ठेवायची त्याच्या खुणा रेडियमच्या पट्टीने केलेल्या असतात. तरीही तालमीत दिवे घालवून तो बदल इतके वेळा करा की पावलं मोजून जमेल. लेव्हल दोघांनी उचलायची आणि ‘उचल’, ‘ठेव’ मोठ्याने बोलायचं. नुकता विझवलेला लाइट उघड्या हाताने धरायचा नाही. आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे आणि मागचं दार कुठून उघडतं हे नाट्यगृहात शिरल्याशिरल्या बघून ठेवा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं. शाहू महाराजांच्या काळातलं ते नाट्यगृह म्हणजे तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हौशी कलावंतांचं घर होतं. लाकूड, कापड आणि वायर यांच्यामध्ये आपण काम करतो, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुला-मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. बाई म्हटलं की कपडेपट, मेकअप आणि चहा, ही वाटणी अजून बऱ्याच ठिकाणी आपोआप होते. कपडेपटाची आवड असेल तर उत्तम, ते काम अवघड आहे आणि मोलाचंही. पण लाइट शिकायचे असतील तर ‘मला लाइट शिकायचे आहेत’ असं नाव घेऊन मागा. आजचे बोर्ड चालवायला ताकद लागत नाही, एकाग्रता लागते. लेव्हल दोघांत उचलायची असल्याने तीही तुम्ही उचलू शकता.

संस्था कशी आहे हेही तुम्ही पारखायचं आहे. शक्य असेल तर चाचणीआधी त्यांची एखादी तालीम बघायला जा. वेळेवर सुरू होते का? दिग्दर्शक चुकलेल्या नटाला सर्वांसमोर लाज आणतो का? जुनी मंडळी नव्यांची नावं लक्षात ठेवतात का? आधीच्या नाटकाचं माहितीपत्रक मागा आणि त्यावर पडद्यामागच्या सगळ्यांची नावं छापली आहेत का बघा. त्या एका पानावरून संस्थेचा स्वभाव कळतो. लेखकाची परवानगी घेतली आहे का, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला संकोचू नका. चांगली संस्था कागद काढून दाखवते.

चाचणीसाठी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. सभासद वर्गणी वेगळी, ती पावती घेऊन द्यावी. तालीम ठरल्या जागी, सगळ्यांबरोबर होते. ‘तुझ्या भूमिकेवर वेगळं काम करू, घरी ये’ असं कुणी एकटीला बोलावलं तर नाही म्हणा आणि ते संस्थेतल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या कानावर घाला. रात्री अकरा वाजता घरी कसं जायचं, सोबत कोण, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या. तुम्ही शहरात नवीन आहात, तेव्हा संस्थेनेच आपणहून हा विषय काढायला हवा. काढला नाही तर तुम्ही काढा.

जाताना स्वगताची एक प्रत, पाण्याची बाटली, हालचाल करता येईल असे कपडे आणि तो तारखांचा कागद घ्या. वीस मिनिटं आधी पोचा. निकाल केव्हा कळवणार ते विचारून घ्या आणि त्या दिवसापर्यंत फोन करू नका. निवड झाली नाही तर एकदा भेटून ‘माझ्या वाचनात काय कमी पडलं?’ असं जरूर विचारा, बहुतेक दिग्दर्शक मोकळेपणाने सांगतात.

आणि तुम्ही बँकेत आहात हे कळल्याबरोबर कुणीतरी संस्थेचे हिशेब तुमच्यापुढे ठेवणार. वर्गणी, हॉलचं भाडं, टेम्पोची बिलं, वार्षिक सभेचा जमाखर्च. काम गरजेचं आहे, पण पहिल्या वर्षी ते घेऊ नका. तुमच्या हाताशी असलेल्या मोजक्या संध्याकाळी तालमीला द्या.